डेटाबेस कुठे बसवायचा? बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या आयटीवाल्यांसाठी

झॅबिक्स असो, मायक्रोसॉफ्टचं कॉन्फिगरेशन मॅनेजर असो की जीएलपीआय, संस्थेतले सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून बघणारं-सांभाळणारं असलं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना एक रकाना येतोच: ‘डेटाबेस सर्व्हर’. बहुतेक जण तिथलं ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘याच मशीनवर’) तसंच ठेवून ‘नेक्स्ट’ दाबतात, कारण त्या घडीला घाई असते ती सगळ्या कॉम्प्युटरांवर एजंट चढवायची. सहा महिन्यांनी डेटाबेस पंचवीस-तीस जीबीचा होतो, डॅशबोर्ड उघडायला आठ सेकंद लागतात, आणि मग तो रकाना आठवतो. तेव्हा तो बदलायचा म्हणजे एक अख्खा रविवार गेला.

त्या रकान्यात काय लिहायचं, एवढाच इथला विषय. उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या फौंड्र्या नि मशीन शॉप, चिकोडीकडचे साखर कारखाने, कॉलेजं, हॉस्पिटलं आणि चार-सहा शाखांच्या सौहार्द सोसायट्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणजे पन्नास ते पाचशे कॉम्प्युटर, आणि सिस्टिम बघणारा माणूस एक, फार तर दोन.

कोण कुणाशी किती बोलतं

या सॉफ्टवेअरचे तुकडे चार. प्रत्येक मशीनवर चालणारा छोटा प्रोग्राम म्हणजे एजंट, माहिती गोळा करणारा सर्व्हर, आपण बघतो ते वेबपान, आणि डेटाबेस. एजंट मिनिटाला एकदा सर्व्हरला चार आकडे सांगतो. ते दोन सेकंद उशिरा पोचले तरी कुणाचं काही बिघडत नाही. सर्व्हर आणि डेटाबेस यांचं बोलणं मात्र वकिलाच्या उलटतपासणीसारखं असतं. एका प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न जात नाही, त्यामुळे प्रत्येक प्रश्नामागचा उशीर साठत जातो.

हिशोब करून बघा. एका पानासाठी ३०० क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, एकामागून एक जातात असं धरा. ऑफिसातल्याच स्विचवर जायला-यायला ०.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सगळं मिळून ०.०९ सेकंद. तोच डेटाबेस २५ मिलिसेकंदांवर असेल तर ७.५ सेकंद. यात डेटाबेसचं स्वतःचं काम धरलेलंच नाही, ही नुसती वाट बघण्याची वेळ. लाइन १०० एमबीपीएसची घ्या नाहीतर ५०० ची, यात फरक पडत नाही; बँडविड्थ म्हणजे रस्ता किती रुंद, लेटन्सी म्हणजे गाव किती लांब.

म्हणून डेटाबेस सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून बसला पाहिजे. मशीनं लांब असली तरी चालतं, बघणारी माणसं लांब असली तरी चालतं. या दोघांची ताटातूट तेवढी करू नका. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय इथून निघतो.

सीमाभागात यात एक खास गंमत आहे. बेळगाव ते शिनोळी अंतर जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर. पण बेळगाव टेलिकॉमच्या कर्नाटक सर्कलमध्ये आणि शिनोळी महाराष्ट्रात. एका युनिटला एका कंपनीची लाइन, दुसऱ्याला दुसरीची, असं असलं की पॅकेट बेंगळुरू-मुंबई फिरून पलीकडे पोचण्याची शक्यता चांगलीच असते. तुम्ही गाडीनं अर्ध्या तासात जाल, पॅकेट मात्र हजाराहून जास्त किलोमीटर फिरून येईल. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे त्या वळशाचे जाऊन-येऊन दहाहून जास्त मिलिसेकंद निव्वळ काचेतच गेले. मधल्या राउटरांचा वेळ वेगळाच. तेव्हा ‘शिनोळीतच तर आहे, डेटाबेस तिकडच्या नव्या सर्व्हरवर टाकू’ असं नकाशा बघून ठरवू नका. आधी ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड, चालवून बघा.

मोजायचं असं. सकाळी अकराला आणि दुपारी चारला, कामाच्या दिवशी, शंभर-शंभर पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी पॅकेट) मारा. सरासरीकडे लक्ष देऊ नका. सगळ्यात मोठा आकडा आणि किती पॅकेट हरवली ते लिहून ठेवा. सरासरी ४ पण मधूनच १८० येत असेल तर ती लाइन डेटाबेससाठी बाद. पिंग नीट आलं तरी थांबू नका, कारण फायरवॉल पिंग पटकन सोडते आणि खऱ्या ट्रॅफिकची झडती घेते. डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस वापरणार असाल तर त्याच्याबरोबर वेग मोजायचं साधन, पीजीबेंच, येतं. ते सर्व्हरच्या मशीनवरून एकच क्लायंट, फक्त वाचन, ६० सेकंद असं चालवा आणि शेवटी छापून येणारी सरासरी लेटन्सी बघा. पिंगचा वेळ एक मिलिसेकंदाच्या आत असेल तर कुठल्याही आकाराला बिनधास्त जा. एक ते पाचमध्ये छोट्या संस्थेचं भागतं. दहाच्या वर गेलं तर सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही एका जागी आणा, किंवा बेत बदला.

किती जागा लागणार

झॅबिक्सचा हिशोब सोपा आहे. आकड्याची एक नोंद म्हणजे डेटाबेसमध्ये ढोबळमानानं ९० बाइट. समजा शंभर-सव्वाशे कॉम्प्युटर, स्विच, यूपीएस मिळून ३,००० आयटम, म्हणजे मोजायच्या गोष्टी, आहेत आणि प्रत्येक मिनिटाला एकदा मोजला जातो. सेकंदाला ५० नोंदी, दिवसाला ४३ लाख २० हजार. म्हणजे रोज ३८९ एमबी, आणि ३० दिवसांची हिस्टरी ठेवली तर ११ ते १२ जीबी. तासाची किमान-कमाल-सरासरी ठेवणारे ट्रेंड वेगळे. त्यांना वर्षाला साधारण २.४ जीबी, पाच वर्षांचे ठेवले तर १२. एकूण २४ च्या आसपास. डेटाबेसला काम करायला मोकळी जागा लागते, बॅकअपची फाइल तात्पुरती कुठेतरी बनते, टेबल नीट करताना त्याची दुसरी प्रत होते. म्हणून ६० जीबीच्या खाली डिस्क धरू नका, १०० धरली तर उत्तम.

हा हिशोब हमखास कोलमडतो तो दोन ठिकाणी. कुणीतरी उत्साहानं ६० सेकंदांच्या जागी १० सेकंद टाकतो, आणि हिस्टरी सहापट, ७० जीबी. दुसरं म्हणजे विंडोजचे इव्हेंट लॉग जसेच्या तसे गोळा करणं. मजकुराच्या नोंदीला ९० बाइटचा हिशोब लागू होत नाही. एकेक ओळ पाचशे-हजार बाइटची, त्यात देवनागरी किंवा कन्नड असेल तर एका अक्षरचिन्हाला तीन बाइट.

मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस म्हणजे एसक्यूएल सर्व्हर; त्याची फुकटातली एक्सप्रेस आवृत्ती घ्यायचा मोह होतो. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिला एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, बफरला फक्त १,४१० एमबी मेमरी मिळते, आणि रात्रीची कामं लावायला एजंट सर्व्हिस नाही. जीबी संपले की नवी नोंद घेणं थांबतं, म्हणजे सॉफ्टवेअर चालू दिसतं पण आतली माहिती मंगळवारचीच. कॉन्फिगरेशन मॅनेजरची प्रायमरी साइट, म्हणजे मुख्य सर्व्हर, एक्सप्रेसवर बसतच नाही, तिला स्टँडर्ड किंवा एंटरप्राइझ लागते. एक्सप्रेस फक्त सेकंडरी साइटला चालते. त्याची भरपाई अशी, की कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या लायसन्समध्ये एसक्यूएल सर्व्हर वापरण्याचा हक्क येतो. पण त्याच कामापुरता. त्यावर पगारपत्रकाचा डेटाबेस टाकला की लायसन्स मोडलं.

डिस्कबद्दल कंजुषी नको. फिरती ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला शंभरएक सुटी कामं करते. लिहिणं, वाचणं आणि जुनं पुसणं एकदम आलं की ती मान टाकते. झॅबिक्समध्ये हे ओळखायची खूण पक्की आहे: दर तासाला, त्याच मिनिटाला, डिस्क शंभर टक्के. तो हाउसकीपर जुन्या नोंदी पुसत असतो. एसएसडी घ्या, आणि वीज गेल्यावर हातातलं काम पूर्ण करणारे कपॅसिटर आत असलेली, सर्व्हरसाठीची घ्या. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी ‘लिहिलं’ असं सांगते तेव्हा ते अजून तिच्या तात्पुरत्या मेमरीतच असू शकतं. लाइट जाणं-येणं हा रोजचा खेळ असलेल्या ठिकाणी हा फरक किमतीपेक्षा मोठा.

त्याच मशीनवर की वेगळ्या?

सेकंदाला पाचशेपर्यंत नोंदी, किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजरखाली हजार-दोन हजार मशीनं असतील, तर एकच मशीन पुरे. आमचा कौल ठामपणे त्याच मशीनच्या बाजूनं आहे. नेटवर्कचा प्रश्न मिटतो, पोर्ट उघडायला नकोत, बॅकअप एकच. ‘वेगळा डेटाबेस सर्व्हर’ ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यानं बिघडणाऱ्या वस्तू एकावरून तीन होतात: दोन मशीनं आणि मधला स्विच.

मेमरीची वाटणी मात्र हातानं करून द्यावी लागते. एसक्यूएल सर्व्हरला मर्यादा घातली नाही तर तो मिळेल तेवढी मेमरी घेत जातो आणि शेजारी बसलेलं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर उपाशी राहतं. कॉन्फिगरेशन मॅनेजर शेजारीच असेल तर एकूण मेमरीच्या ५० ते ८० टक्के एसक्यूएलला द्या, डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल तर ८० ते ९०. प्रायमरी साइटला किमान ८ जीबी राखून ठेवा. ३२ जीबीच्या मशीनवर कमाल २० जीबी आणि किमान ८ असं लावलं की गाडी चालते. पोस्टग्रेसमध्ये उलटा प्रकार. शेअर्ड बफर्स, म्हणजे त्यानं स्वतःसाठी राखलेली मेमरी, मुळात फक्त १२८ एमबी असतात आणि ३२ जीबी असूनही डेटाबेस फकिरासारखा राहतो. एकूण मेमरीच्या पाव भाग द्या, म्हणजे इथे ८ जीबी, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नुसतं रीलोड करून हा बदल लागत नाही.

वेगळं करायची वेळ आली हे कसं कळणार? स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रोज वापरला जातोय, डिस्कचा प्रतिसाद सतत वीस मिलिसेकंदांच्या वर आहे, झॅबिक्सच्या स्वतःच्या आलेखात हिस्टरी कॅशची (डेटाबेसमध्ये लिहायच्या नोंदी मेमरीत थांबतात त्या जागेची) मोकळी जागा दिवसभर उतरत जाते आणि रात्रीही भरून येत नाही. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की करा. तेव्हाही दुसरं मशीन त्याच रॅकमध्ये, त्याच स्विचवर. मध्ये फायरवॉल घालायचीच असेल तर तिच्या रिकाम्या कनेक्शनच्या टाइमआउटकडे बघा, नाहीतर रात्रभर शांत असलेलं कनेक्शन ती गुपचूप तोडते आणि सकाळी पहिलं पान एररवर उघडतं.

एका व्हर्च्युअल होस्टवर दोन व्हीएम करून ‘वेगळं केलं’ म्हणू नका. डिस्क तीच, प्रोसेसर तोच. फक्त विंडोज अपडेट दोनदा करायचं. आणि डेटाबेसच्या फाइल्स नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक डिस्कच्या, शेअर फोल्डरवर कधीच ठेवू नका. नॅस बॅकअपच्या प्रतीसाठी आहे.

‘आपल्याकडे एसक्यूएल आहेच की’

ही सूचना साधारण अकाउंट्समधून किंवा मालकांकडून येते, आणि ऐकायला शहाणपणाची वाटते. ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा हॉस्पिटलचा एसक्यूएल सर्व्हर चालू आहे, त्यावरच आणखी एक डेटाबेस टाकायचा. टाळा. महिनाअखेरीला ईआरपीचे रिपोर्ट आणि तुमच्या नोंदी एकाच टेंपडीबीवर, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या जागेवर, भांडतात. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या साइट सर्व्हरच्या खात्याला त्या एसक्यूएलवर सिसअ‍ॅडमिनचा हक्क लागतो, शिवाय डेटाबेसच्या मशीनवर लोकल अ‍ॅडमिनचा. ईआरपीचा व्हेंडर तो सुखासुखी देणार नाही, आणि न देण्यात तोच बरोबर. पुढे एकाला नवी आवृत्ती हवी असते तेव्हा दुसऱ्याचं सर्टिफिकेशन जुन्यावर अडकलेलं असतं.

सगळ्यात मोठी अडचण साधी आहे. ज्याच्या तब्येतीवर नजर ठेवायची त्याच्याच घरात डॉक्टर राहायला गेला, तर रोगी पडला त्या दिवशी डॉक्टरही आडवा. ईआरपीचा सर्व्हर बंद पडल्याचा एसएमएस ज्या डेटाबेसवरून निघायचा, तोच त्या सर्व्हरवर. डेटाबेस कुठेही असला तरी एक छोटा राखणदार बाहेर ठेवाच. रास्पबेरी पायवर दर पाच मिनिटांनी मॅनेजमेंटचं वेबपान उघडतंय का आणि शेवटची नोंद दहा मिनिटांच्या आतली आहे का, एवढं बघणारी स्क्रिप्ट पुरते.

कोलेशन: इथे भारतीय माणूस अडकतोच

कोलेशन म्हणजे डेटाबेसनं अक्षरांची तुलना आणि क्रम कसा लावायचा त्याचे नियम. कॉन्फिगरेशन मॅनेजरला एकच कोलेशन चालतं, ‘एसक्यूएल-लॅटिन१-जनरल-सीपी१-सीआय-एएस’. विंडोज लावताना रीजन ‘इंग्लिश, इंडिया’ निवडला असेल तर एसक्यूएलचा सेटअप स्वतःहून ‘लॅटिन१-जनरल-सीआय-एएस’ घेतो. सुरुवातीचं ‘एसक्यूएल’ आणि मधलं ‘सीपी१’ नाही, एवढाच फरक, आणि नजर सहज घसरते. मग प्रीरिक्विझिट चेक लाल होतो आणि सबंध इन्स्टन्स पुन्हा बसवावा लागतो. सेटअपमध्ये ‘सर्व्हर कॉन्फिगरेशन’च्या पानावर ‘कोलेशन’ नावाचा दुसरा टॅब आहे. तो उघडा, हातानं बदला, मगच पुढे जा. चिनी भाषेसाठी वेगळी सोय असते, ती आपल्याला लागत नाही.

झॅबिक्स मायएसक्यूएलवर टाकत असाल तर कॅरेक्टर सेट ‘यूटीएफ८-एमबी४’ आणि कोलेशन त्याचंच ‘बिन’नं संपणारं. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मूळ सेटिंग लॅटिन१ होतं. त्यावर डेटाबेस बनवला गेला असेल तर विभागाचं नाव ‘मोल्डिंग शॉप’ टाकल्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. कन्नडमध्ये टाकलं तरी तेच. नंतर सेटिंग बदलून ती अक्षरं परत येत नाहीत, नावं पुन्हा टाइप करावी लागतात. तेव्हा डेटाबेस रिकामा असतानाच एका विभागाचं नाव मराठीत, एका माणसाचं कन्नडमध्ये टाकून, सेव्ह करून, पान पुन्हा उघडून बघा. दोन मिनिटांचं काम.

नवं काही बसवायचंच आहे आणि हात मोकळे आहेत, तर झॅबिक्सला पोस्टग्रेस द्या. त्याला टाइमस्केल नावाची जोड दिली की जुन्या नोंदी ओळी-ओळीनं पुसण्याऐवजी तुकड्याच्या तुकडा टाकून देता येतो आणि हाउसकीपरचं दुखणं जातं. जीएलपीआयला मात्र मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच लागतं. दोघांसाठी एकच डेटाबेस इंजिन हवं म्हणून ओढाताण करू नका.

क्लाउड, शाखा आणि सीमेपलीकडचं युनिट

क्लाउडवर जायचं तर सर्व्हर आणि डेटाबेस जोडीनं जाऊ द्या. सर्व्हर उद्यमबागेत आणि डेटाबेस मुंबईच्या रीजनमध्ये, हा अर्धवट बेत सगळ्यात वाईट. वरचा साडेसात सेकंदांचा हिशोब त्याचाच. आपल्याला जवळची घरं म्हणजे पुण्यातलं अ‍ॅझ्युअरचं सेंट्रल इंडिया, अ‍ॅमेझॉन आणि गुगलची मुंबई, अ‍ॅमेझॉनचंच हैदराबाद. राज्य कर्नाटक म्हणून बेंगळुरू जवळ, असं नेटवर्कमध्ये नसतं. पुन्हा पिंग मारूनच ठरवा. रीजन भारतातलाच घ्यायचं आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे असतात. मॅनेजमेंटच्या डेटाबेसमध्ये कोण कुठल्या मशीनवर कधी लॉगिन झालं तेही असतं.

तयार, सांभाळलेला डेटाबेस घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॉन्फिगरेशन मॅनेजर अ‍ॅझ्युअर एसक्यूएल डेटाबेसवर चालत नाही. त्याला व्हीएमवर बसवलेला पूर्ण एसक्यूएल सर्व्हरच लागतो. आणि अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस पोस्टग्रेसमध्ये टाइमस्केल मिळत नाही, तेव्हा झॅबिक्सचं ते सुख तिथे सोडावं लागतं.

शाखांसाठी प्रत्येक ठिकाणी डेटाबेस बसवू नका. मुख्य ऑफिस बेळगावात, शाखा निपाणी, खानापूर, चंदगडला, अशी सोसायटी असेल तर मुख्य डेटाबेस एकच, आणि प्रत्येक शाखेत झॅबिक्स प्रॉक्सी, म्हणजे शाखेतल्या नोंदी गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारा मदतनीस. प्रॉक्सीला स्वतःचा छोटा डेटाबेस लागतो. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते, तिला वेगळा सर्व्हर नको. लाइन तुटली की प्रॉक्सी नोंदी साठवते आणि लाइन आली की पाठवते. पण मूळ सेटिंगमध्ये ती फक्त एक तासाचं साठवते. खानापूरच्या पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली तर एका तासात कोण जोडून देणार? ‘प्रॉक्सी ऑफलाइन बफर’ ७२ तास करा. कमाल ७२० पर्यंत जाता येतं. शाखेतून सेकंदाला ५ नोंदी येत असतील तर ७२ तासांचे जेमतेम १२० एमबी होतात. साठा नीट राहायचा तर ७.० नंतरच्या आवृत्त्यांत बफर मोड बघा. निव्वळ ‘मेमरी’वर ठेवला असेल तर प्रॉक्सी रीस्टार्ट झाली की सगळं गेलं, ‘हायब्रिड’ किंवा ‘डिस्क’ ठेवा.

प्रॉक्सीला मुख्य सर्व्हरचाच डेटाबेस दाखवायची चूक करू नका. नाव वेगळं, फाइल वेगळी.

शिनोळीच्या युनिटलाही हेच लागू. त्या जागेचा खरा उपयोग दुसराच आहे. ती वेगळ्या राज्यात, वेगळ्या वीज कंपनीखाली आहे: इकडे हेस्कॉम, तिकडे महावितरण. बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला यापेक्षा सोयीची जागा सापडायची नाही. रात्री दोन वाजता एक फाइल पाठवायला लेटन्सी कितीही चालते.

जागा: धूळ, वीज, वळीव

फौंड्रीत सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा मोठा होऊन बसतो. वाळूची आणि कोळशाची बारीक पूड पंख्यातून आत ओढली जाते. कॅबिनेट तीन महिन्यांनी उघडलं की प्रोसेसरच्या हीटसिंकवर काळपट साय धरलेली असते, बोटानं ओढलं तर रेघ उठते. ती पूड वीजवाहक असते, म्हणून नुसतं ‘गरम होतंय’ यावर भागत नाही. मोल्डिंग शॉपला लागून असलेली केबिन नको. ऑफिसच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एसीचा हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहील अशी बंद खोली घ्या. फिल्टर महिन्याला धुवा.

इंडक्शन फर्नेस सुरू होताना व्होल्टेज लटपटतं. सर्व्हरच्या यूपीएसला फर्नेसच्या लाइनवरून सप्लाय देऊ नका, लाइटिंगच्या पॅनेलमधून वेगळी सर्किट ओढा, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज फर्नेस चालू असताना बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग. दोन इमारतींमधली केबल तांब्याची नको, फायबरची. एप्रिल-मे महिन्यांत वळीव गडगडाट करत येतो तेव्हा तांब्याची केबल वीज एका इमारतीतून दुसरीत घेऊन जाते, आणि स्विचबरोबर सर्व्हरचं कार्डही जळतं.

यूपीएसचा हिशोब: १२ व्होल्ट, ७ एएचच्या तीन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २५२ वॅट-तास. ४०० वॅटच्या लोडवर नव्या असताना पंधरा-वीस मिनिटं, दोन वर्षांनी त्याच्या निम्मी. जनरेटर असला तरी डिझेल संपलेलं असू शकतं, म्हणून यूपीएसला यूएसबी केबल जोडून आपोआप बंद होण्याची सोय करा. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की सुरुवात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी झॅबिक्स सर्व्हर थांबवा, कारण थांबताना तो मेमरीतल्या नोंदी डेटाबेसमध्ये लिहून मोकळा होतो. मग डेटाबेस, मग मशीन. उलट केलं तर सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘डेटाबेस इज डाउन’ची ओळ दर दहा सेकंदांनी येत राहते आणि मेमरीतल्या नोंदी बॅटरीबरोबर जातात. चालू करताना आधी डेटाबेस.

चुकीच्या जागी बसला असेल तर हलवायचा कसा

झॅबिक्स-पोस्टग्रेसचं काम एका सुटीच्या सकाळी होतं. २५ जीबीला डंप आणि रीस्टोअर मिळून एसएसडीवर दोन-तीन तास राखून ठेवा. आधी झॅबिक्स सर्व्हर थांबवा. पीजी-डंप (पोस्टग्रेसची प्रत काढणारी कमांड) घ्या, नव्या जागी रीस्टोअर करा. नव्या पोस्टग्रेसमध्ये ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ मुळात फक्त लोकलहोस्ट असतं, ते बदला. एचबीए फाइलमध्ये (कुणाला आत सोडायचं त्याची यादी) सर्व्हरचा आणि वेबपानाचा, दोन्ही आयपी टाका, फायरवॉलमध्ये ५४३२ फक्त त्या दोघांसाठी उघडा. टाइमस्केल असेल तर दोन्हीकडे त्याची आवृत्ती तंतोतंत एक हवी. मग डेटाबेसचा पत्ता बदला, आणि इथे बहुतेकांचा पाय घसरतो. पत्ता दोन ठिकाणी आहे: एक सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, दुसरा वेबपानाच्या पीएचपी फाइलमध्ये. दुसरा राहिला की पान जुना डेटाबेस दाखवत राहतं, सगळं सुरळीत वाटतं, फक्त आलेख सकाळी नऊला थांबलेले असतात.

कॉन्फिगरेशन मॅनेजर हलवताना आधी साइटच्या सर्व्हिस थांबवून पूर्ण बॅकअप घ्या. नव्या एसक्यूएलचं कोलेशन तेच हवं, साइट सर्व्हरच्या कॉम्प्युटर खात्याला सिसअ‍ॅडमिन आणि लोकल अ‍ॅडमिन दोन्ही हवेत, पोर्ट १४३३ आणि ४०२२ उघडे हवेत. नावाचा इन्स्टन्स असेल तर डायनॅमिक पोर्ट चालत नाही, पक्का पोर्ट लावून घ्या. रीस्टोअर झाल्यावर ‘ट्रस्टवर्दी’ बंद पडलेलं असतं. ते आणि ब्रोकर चालू करा, ब्रोकर प्रायॉरिटी मानण्याचं सेटिंग आणि सीएलआरही तपासा. त्यानंतर स्टार्ट मेन्यूतून कॉन्फिगरेशन मॅनेजरचा सेटअप उघडून ‘साइट मेंटेनन्स’मध्ये एसक्यूएल सर्व्हरची माहिती बदला. रजिस्ट्रीत हात घालून बदलण्याचे उपाय सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

बॅकअपबद्दल एक: झॅबिक्समध्ये हिस्टरी आणि ट्रेंडची टेबलं वगळून रोजचा डंप घेतला तर तो काही एमबींत बसतो, आणि सगळी मेहनत, म्हणजे टेम्प्लेट, होस्ट, अलर्टचे नियम, त्यातच असते. पूर्ण डंप आठवड्याला. फाइल एन्क्रिप्ट करा, कारण एसएनएमपीचे पासवर्ड आणि खात्यांची नावं आत असतात. महिन्यातून एकदा एखाद्या रिकाम्या व्हीएमवर ती रीस्टोअर करून लॉगिन होतंय का बघा.

जुना डेटाबेस सात दिवस ठेवा, पण सर्व्हिस बंद करून आणि ‘ऑटो स्टार्ट’ काढून. नाहीतर मशीन रीस्टार्ट झाल्यावर जुना सर्व्हर जागा होतो, तोही सगळ्यांना अलर्ट पाठवायला लागतो, आणि एकाच डाउन झालेल्या स्विचचे दोन-दोन एसएमएस यायला लागतात. सात दिवसांनी पुसा, आणि डेटाबेसच्या खात्याचा पासवर्ड बदला. तो जुन्या मशीनच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला आहे.